हर्लिंगमधल्या डिफेंडरचं करिअर समजून घ्यायचं तर जे. जे. डिलेनीकडे बघा

तुम्ही विचारलंय की आयर्लंडच्या हर्लिंगमध्ये आयुष्यभर डिफेन्समध्येच खेळलेल्या माणसाचं करिअर कसं असतं, गोल न करता कुणी महान कसं ठरतं, आणि पैसे मिळत नसतील तर हे लोक इतकं मरमर खेळतात कशाला. मी कामाच्या निमित्ताने किलकेनीत राहतो (ही आयर्लंडमधली एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि इथे हर्लिंगवर बोलायला कुणाला निमित्त लागत नाही, दुकानात दूध आणायला गेलं तरी रविवारच्या मॅचचा विषय निघतोच. त्यामुळे माझं उत्तर थोडं किलकेनीच्या बाजूने झुकलेलं असणार हे आधीच सांगतो. पण डिफेंडर म्हणून किलकेनीच्या जे. जे. डिलेनीचं नाव घेतलं तर प्रतिस्पर्धी टिपरेरी काउंटीचा कट्टर समर्थकसुद्धा फारसं भांडणार नाही.

आधी खेळ थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्हीकडे १५-१५ जण, हातात ॲश झाडाच्या लाकडाची हर्ली, म्हणजे खाली चपटी आणि रुंद होत गेलेली काठी, आणि क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडा हलका, वर उभ्या शिवणीचे कंगोरे असलेला चामड्याचा बॉल, त्याला इथे स्लिटर म्हणतात. हा बॉल दीडशे किलोमीटरच्या वरच्या स्पीडने येऊ शकतो. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा, आडव्या दांडीवरून बॉल गेला की १ पॉइंट, खाली जाळ्यात गेला की गोल, आणि गोल म्हणजे ३ पॉइंट. स्कोअर लिहिताना २-१७ असं लिहितात, म्हणजे २ गोल आणि १७ पॉइंट, एकूण २३. मोठ्या मॅचेस ७० मिनिटांच्या असतात. गोलकीपरच्या पुढे तीन डिफेंडर, त्यांच्या पुढे अजून तीन. डिलेनी करिअरचा बराच काळ ७ नंबर, म्हणजे पुढच्या तिघांत डावीकडे खेळला आणि नंतर ३ नंबर, म्हणजे गोलच्या तोंडाशी मधोमध, ज्याला फुल-बॅक म्हणतात. ही जागा सगळ्यात निर्दयी, कारण तिथे चूक झाली की मागे फक्त गोलकीपर उरतो.

आता २७ सप्टेंबर २०१४ ची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. किलकेनी विरुद्ध टिपरेरी, ऑल-आयर्लंड फायनल, म्हणजे काउंटींच्या टीममधल्या दरवर्षीच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, डब्लिनचं क्रोक पार्क, ऐंशी हजारांच्या वर पब्लिक. ही फायनल दुसऱ्यांदा खेळली जात होती. तीन आठवड्यांपूर्वी पहिली मॅच टाय झाली होती, ३-२२ विरुद्ध १-२८, करा हिशोब, दोन्हीकडे ३१. त्या मॅचच्या अगदी शेवटी टिपरेरीच्या जॉन ओड्वायरने खूप लांबून फ्री, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेला मोकळा फटका, मारला होता आणि तो पोस्टच्या आत गेला की बाहेर हे डोळ्यांना कळेना, म्हणून हॉक-आय बघावं लागलं आणि वाइड निघाला. एवढ्या केसभर फरकाच्या दोन टीम परत समोरासमोर आलेल्या.

त्या रीप्लेमध्ये, म्हणजे दुसऱ्यांदा खेळलेल्या फायनलमध्ये, टिपरेरीचा शेमस कॅलनन, त्या सीझनचा सगळ्यात धोकादायक फॉरवर्ड, बॉल घेऊन डिलेनीच्या पुढे निघून गेला. समोर गोल उघडा. त्याने बॉल वर टाकला, हर्ली मागे नेली, आता जोरात फटका बसणार, आणि डिलेनी मागून, तोल जात असताना, अख्खं शरीर लांब करून हर्लीचं टोक नेमकं कॅलननच्या हर्लीच्या वाटेत घालतो. फटका बसतच नाही. बॉल तसाच खाली पडतो. याला हूक म्हणतात. बघताना आपल्या लक्षातही येत नाही की काय झालं, फक्त गोल व्हायला हवा होता तो झाला नाही एवढंच कळतं, मग स्लो मोशनमध्ये दाखवतात तेव्हा समजतं.

ही गोष्ट किती अवघड आहे ते सांगतो. नियम असा की समोरचा मारत असताना तुम्ही त्याच्या हर्लीला तुमची हर्ली आडवी घालू शकता, पण काठी अंगाला किंवा हाताला लागली की फाऊल, आणि गोलसमोर फाऊल म्हणजे पेनल्टी. लवकर घातली तर तो थांबतो, तुम्हाला हुलकावणी देतो आणि मग मारतो. उशीर झाला तर बॉल जाळ्यात. म्हणजे मधला एक क्षण तेवढा तुमचा. आपल्याकडे कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईवाल्याचा पाय नेमका कधी उचलला जातोय ते बघून घोट्यावर झडप घालतो ना, तसलं टायमिंग, फक्त इथे हे धावता धावता, मागून, आणि एका लाकडी काठीच्या टोकाने करायचं.

त्या दिवशी किलकेनी २-१७ विरुद्ध २-१४ ने जिंकली. फरक किती, तर ३ पॉइंट. म्हणजे बरोब्बर एक गोल. स्कोअरशीटवर रिची पॉवर आणि जॉन पॉवर या भावांचे गोल दिसतात, डिलेनीच्या नावापुढे काहीच नाही. पण इथल्या लोकांना विचारा त्या मॅचमधलं काय आठवतं, दहातले बरेच जण तो हूकच सांगतील. मला वाटतं गोल न करता महान कसं होतात याचं याहून स्वच्छ उदाहरण कुठल्याच खेळात मिळणार नाही.

आता पूर्ण करिअर. जन्म १९८२ चा, गाव जॉन्सटाउन, किलकेनी काउंटीच्या उत्तरेला, क्लब फेनियन्स. सिनिअर काउंटी टीममध्ये २००१ ला आला. त्या वर्षी किलकेनी सेमीफायनलला गॉलवेकडून हरली आणि कोच ब्रायन कोडी, जो पेशाने शाळामास्तर, त्याने टीमची मानसिकताच बदलायला घेतली असं सगळे सांगतात. कोडीचं म्हणणं सरळ होतं, गेल्या वर्षी तू काय केलंस ते मला नको, या आठवड्यात नोलन पार्कवर, म्हणजे किलकेनीच्या मैदानावर, सरावात काय करतोयस ते दाखव. त्या सराव मॅचेस खऱ्या मॅचेसपेक्षा कडक असायच्या, ही गोष्ट इथे दंतकथेसारखी सांगितली जाते. आणि विचार करा, डिलेनीला तिथे दर वेळी समोर कोण, तर हेन्री शेफलिन, एडी ब्रेनन असले किलकेनीचेच फॉरवर्ड. मग सप्टेंबरच्या फायनलमध्ये समोर कोणीही आला तरी त्याला नवीन काय वाटणार!

२००२ ला पहिलं ऑल-आयर्लंड, क्लेअरविरुद्ध. २००३ ला दुसरं, कॉर्कविरुद्ध, आणि त्याच वर्षी तो हर्लर ऑफ द इयर झाला, वय वर्षं २१, आणि डिफेंडर. हे पुन्हा वाचा, कारण असले अवॉर्ड बहुतेक वेळा पॉइंटचा पाऊस पाडणाऱ्याला मिळतात. २००४ ला मात्र कॉर्कने फायनलमध्ये किलकेनीला फक्त ९ पॉइंटवर रोखलं आणि सलग तिसऱ्या विजयाचं स्वप्न मोडलं.

मग २००६. हे वर्ष मला त्याच्या करिअरमधलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं. अख्खा सीझन तो जबरदस्त खेळला, टीम फायनलला पोचली, पुन्हा समोर कॉर्क, या वेळी कॉर्क सलग तिसऱ्यांदा जिंकायला आलेली. आणि फायनल अगदी तोंडावर असताना ट्रेनिंगमध्ये गुडघ्याचं क्रुशिएट लिगामेंट तुटलं. संपलं. किलकेनीने फायनल १-१६ विरुद्ध १-१३ ने जिंकली, पण त्याच्याशिवाय. प्रोफेशनल खेळाडूला असं झालं तर पगार चालू असतो, क्लबचे डॉक्टर असतात, दिवसभर रिहॅब हेच काम असतं. इथे तुम्हाला नोकरी सांभाळून, संध्याकाळी एकट्याने ते सगळं करायचं असतं. तो परत आला आणि २००७ ची फायनल खेळला, जिंकला. २००८ ला वॉटरफर्डला ३-३० विरुद्ध १-१३ असं चिरडलं, २००९ ला टिपरेरी. सलग चार वर्षं! याआधी हे फक्त कॉर्कने १९४१ ते १९४४ मध्ये केलं होतं. २०१० ला पाचवं मिळवायला गेले तेव्हा टिपरेरीच्या लार कॉर्बेटने फायनलमध्ये तीन गोल ठोकून ते थांबवलं. ते दुखणं किलकेनीत अजून पूर्ण गेलेलं नाही, त्यावर इथे कुणाशी बोलायचं असेल तर आधी मूड बघावा. २०११ ला त्याच टिपरेरीला हरवून परतफेड केली, २०१२ ला गॉलवेविरुद्ध रीप्लेमध्ये जिंकले, आणि शेवटी २०१४.

एकूण ९ ऑल-आयर्लंड मेडल्स आणि ७ ऑल स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम १५ जणांच्या टीममध्ये ७ वेळा. त्यातही फुल-बॅक आणि विंग-बॅक अशा दोन्ही जागांवर, जे सोपं नाही, कारण विंग-बॅकला वरून येणारा बॉल चार काठ्यांच्या मधून हाताने पकडून पुढे मारायचा असतो, त्यात बोटं मोडणं नेहमीचंच, आणि फुल-बॅकला संयम लागतो, आपल्या माणसाच्या मागे राहायचं, घाई करायची नाही, बॉलच्या मोहात पडून जागा सोडायची नाही. डिलेनीला दोन्ही जमायचं. त्याच्यात मला सगळ्यात काय आवडतं, तर हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही. हूक केला, बॉल उचलला, मारला, परत आपल्या जागी. नोव्हेंबर २०१४ मध्ये, ३२ व्या वर्षी, फायनल जिंकून आणि त्या सीझनचा ऑल स्टार घेऊन तो काउंटीतून रिटायर झाला.

पैशांचं विचारलंत. जीएए ही हर्लिंग चालवणारी संघटना १८८४ मध्ये स्थापन झाली आणि आजही खेळाडू हौशीच आहेत. पगार नाही, मॅच फी नाही. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडीफार ग्रँट मिळते, नाव झालं तर एखादी जाहिरात. बाकी कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेत. ऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळलेला माणूस त्याच आठवड्यात परत कामावर दिसतो. आणि ट्रान्सफर मार्केट नाही. तुम्ही तुमच्या गावच्या क्लबचे, आणि त्या क्लबमुळे तुमच्या काउंटीचे. किलकेनीची लोकसंख्या साधारण एक लाख, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षा कमी, आणि ऑल-आयर्लंड सगळ्यात जास्त वेळा याच काउंटीने जिंकलंय. मग खेळतात कशाला याचं उत्तर मला रोज संध्याकाळी दिसतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक उंच भिंत आहे, तिथे आठ-नऊ वर्षांची पोरं-पोरी बॉल भिंतीवर मारत बसतात, उजवीकडून, डावीकडून, परत उजवीकडून, अंधार पडेपर्यंत. त्यांचे आईबाप त्याच क्लबला खेळलेले असतात, त्यांच्या शाळेतला मास्तर टीमचा कोच असतो. त्या पोरांना मोठं होऊन काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जर्सी घालायची असते, तिचा पगार किती हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात येत नाही.

डिलेनी सोडून अजून दोघांची नावं शोधून बघा. एक क्लेअरचा ब्रायन लोहन, लाल हेल्मेटवाला फुल-बॅक, १९९५ आणि १९९७ ला खेळाडू म्हणून जिंकला आणि २०२४ ला मॅनेजर म्हणून क्लेअरला परत जिंकवलं. दुसरा कॉर्कचा शॉन ओग ओ हॅल्पिन, याची गोष्ट तर वेगळीच, जन्म फिजीमधल्या रोटुमा बेटावरचा, आई तिथली, वडील आयरिश, आधी सिडनी आणि अकरा वर्षांचा असताना कॉर्क. २००४ चा हर्लर ऑफ द इयर, आणि २००५ ला कॅप्टन म्हणून कप उचलल्यावर अख्खं भाषण आयरिश भाषेत केलं. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या आईबापांनी ते भाषण जरूर बघावं असं मी सगळ्यांना सांगत असतो.

मॅच बघायची असेल तर फायनल आता जुलैमध्ये असते. पहिल्यांदा बघताना बॉलच्या मागे डोळे धावतात आणि काहीच कळत नाही, कारण बॉल दिसतच नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं एक करा, फक्त ३ नंबरच्या जर्सीकडे बघा. बॉल शंभर मीटर लांब असताना तो कुठे उभा राहतोय, समोरच्याला कुठल्या बाजूला ढकलत नेतोय, हर्ली कुठल्या हातात धरतोय. आणि त्याआधी २०१४ च्या रीप्लेमधला तो हूक ऑनलाइन शोधून स्लो करून बघा, काही विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये विचारा, मला या विषयावर लिहायला आवडेलच.