बायसेप्सचं तिसरं हेड सापडलं, तर आधी त्याच्या पुढून-मागून काय जातं ते बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिल्या वर्षाच्या डिसेक्शनमध्ये डाव्या दंडात बायसेप्सला (दंडाच्या पुढच्या, एरवी दोन मुळांच्या स्नायूला) तिसरं हेड म्हणजे जादा मूळ दिसलं, ते खरंच व्हेरिएशन (रचनेतलं वेगळेपण) आहे हे ठरवायचं कसं? आणि पुढे रुग्ण तपासताना त्याचा उपयोग आहे, की ही फक्त व्हायव्हापुरती गंमत?

आधी खरंखोटं करून घ्या. नवशिक्या हातून ब्रॅकियालिसचा (बायसेप्सखालच्या स्नायूचा) वरचा-आतला भाग उभा फाटतो आणि तो हुबेहूब जादा हेडसारखा दिसतो. खऱ्या हेडला स्वतःचं फॅसियाचं (पातळ पडद्याचं) आवरण असतं, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि खालच्या अंगाने नर्व्हची स्वतंत्र फांदी आत शिरते, बहुधा मस्क्युलोक्युटेनियसची (दंडाच्या पुढच्या स्नायूंना चालवणाऱ्या नर्व्हची). फाटलेल्या तुकड्याच्या कडेला तुटलेले तंतू लोंबत असतात. म्हणून बायसेप्स कापून उलटवू नका. बोटाने बाजूला सारा आणि नर्व्हची फांदी सापडेपर्यंत स्काल्पेल ठेवून द्या. ही फांदी एकदा तुटली की खात्री करायचा सगळ्यात चांगला पुरावा गेला.

नेहमी भेटणारं तिसरं हेड ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढच्या-आतल्या बाजूने निघतं, कोरॅकोब्रॅकियालिसचं (खांद्याच्या कोरॅकॉइड हाडापासून दंडाच्या आतल्या बाजूला येणाऱ्या स्नायूचं) इन्सर्शन म्हणजे खालची जोडणी आणि ब्रॅकियालिसचा उगम यांच्या आसपास. खाली ते बायसेप्सच्या टेंडनच्या आतल्या कडेला आणि बायसिपिटल ॲपोन्युरोसिसला (टेंडनपासून आतल्या बाजूला पसरणाऱ्या चपट्या पट्ट्याला) मिळतं. पाठ्यपुस्तकं प्रमाण सुमारे १० टक्के देतात. लोकसमूहानुसार ते बरंच बदलतं आणि भारतातल्या अहवालांत अनेकदा त्याहून कमी दिसतं. हा मुळात ब्रॅकियालिसचाच भाग, फक्त खालचं टोक अल्नाऐवजी रेडियसकडे (ही कोपराखालची दोन हाडं) गेलं, असं एक जुनं स्पष्टीकरण आहे. उगमाची जागा पाहिली तर ते पटतं.

आता उपयोगाचं. स्नायू जादा असल्याने कोपराचं वाकणं फारसं बदलत नाही. प्रश्न धमनी आणि नर्व्हच्या वाटेचा आहे. हे हेड बहुधा ब्रॅकियल धमनीच्या (दंडाच्या मुख्य धमनीच्या) मागे असतं. कधी दोन पट्ट्या असतात, एक धमनीच्या पुढून आणि एक मागून. तेव्हा धमनी आणि मीडियन नर्व्ह (दंडातून पंजाकडे जाणारी) त्यांच्या कात्रीत सापडू शकतात. एमआरआयवर हेच हेड गाठ समजलं जाऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे उगमापासून इन्सर्शनपर्यंत एकेक काप मोजत खाली येणं. बायसेप्सचं खालचं टेंडन तुटल्याचा संशय असेल तर कोपर ९० अंशांत, तळहात वर, आणि तपासणाऱ्याने बोट बाहेरच्या बाजूने टेंडनखाली अडकवायचं. आतल्या बाजूने अडकवलं तर शाबूत ॲपोन्युरोसिसच हाताला लागतो आणि तुटलेलं टेंडन ठीक आहे असं वाटतं.

माझ्या मते बायसेप्सपेक्षा कोरॅकोब्रॅकियालिसकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह त्याला भेदून जाते असं आपण पाठ करतो, पण काहींमध्ये ती भेदत नाही, काहींमध्ये मीडियनशी जोडलेली असते, क्वचित वेगळी नसतेच आणि तिचं काम मीडियनच्या फांद्या करतात. अशा दंडात मीडियन नर्व्ह वरच्या भागात कापली गेली तर हातासोबत कोपर वाकवण्याची ताकदही जाते. काखेतून ब्लॉक देणाऱ्या (नर्व्हजवळ औषध सोडून हात बधिर करणाऱ्या) भूलतज्ज्ञाला अल्ट्रासाउंडवर बायसेप्स आणि कोरॅकोब्रॅकियालिसच्या मधल्या नेहमीच्या जागी ही नर्व्ह दिसली नाही, तर तिथेच आंधळेपणाने औषध सोडू नये. प्रोब दंडावर खाली सरकवत मीडियनपासून एखादी फांदी कुठे सुटते ते पाहावं. स्टिम्युलेटर लावून मीडियनला उत्तेजन दिल्यावर कोपर वाकलं, तर उत्तर तिथेच मिळालं. लातार्जेसारख्या खांद्याच्या शस्त्रक्रियेत कोरॅकॉइड हाडाचा तुकडा स्नायूसकट हलवतात. नर्व्ह कोरॅकॉइडपासून सुमारे ३ ते ८ सेंमीवर स्नायूत शिरते, त्यामुळे 'पहिले ५ सेंमी सुरक्षित' या ठोकताळ्यावर विसंबून स्नायू खाली ओढला की ती ताणली जाते.

कोरॅकोब्रॅकियालिसच्याच खालच्या भागाचा अवशेष मानला जाणारा स्ट्रदर्स लिगामेंट विसरू नका. ह्युमरसवर मीडियल एपिकॉन्डाइलच्या (कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) सुमारे ५ सेंमी वर सुप्राकॉन्डायलर काटा असतो, साधारण १ टक्का लोकांत. तिथून हा पट्टा एपिकॉन्डाइलला जातो आणि मीडियन नर्व्ह व बहुधा ब्रॅकियल धमनी त्याखालून जाते. असा रुग्ण कार्पल टनेल (मनगटात मीडियन नर्व्ह दाबली जाणं) म्हणून वर्षानुवर्षं फिरू शकतो. तपासताना तळहाताच्या मध्यावरची संवेदना पाहा : ती देणारी मीडियनची फांदी मनगटाच्या आधीच सुटते, म्हणून कार्पल टनेलमध्ये ती शाबूत राहते. मग प्रोनेटर टेरिसची (तळहात खाली फिरवणाऱ्या स्नायूची) ताकद पाहा. अडथळा कोपराच्या वर असेल तर तोही दुबळा होऊ शकतो. नर्व्ह त्याच स्नायूत दाबली जात असेल तर तो सहसा वाचतो. काटा पुढे-आत असल्याने सरळ एक्स-रेत निसटतो, तिरपी फिल्म मागवा. त्याचं टोक कोपराच्या सांध्याकडे वळलेलं असतं, ऑस्टिओकॉन्ड्रोमाचं (हाडावरच्या साध्या गाठीचं) सांध्यापासून दूर. काटा नसून नुसता लिगामेंट असेल तर एक्स-रे स्वच्छच येणार. काढताना काटा पेरिऑस्टियमसकट (हाडावरच्या पडद्यासकट) काढतात, नाहीतर हाड पुन्हा वाढू शकतं.

ट्रायसेप्सबद्दल (दंडामागच्या स्नायूबद्दल) एवढंच : मीडियल हेड कोपर वाकवताना एपिकॉन्डाइलवरून सटकत असेल, तर अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी) पुढे हलवूनही 'टक्' आवाज आणि दुखणं राहतं. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कोपर पूर्ण वाकवून ते तपासावं.

तुमच्या नमुन्याची नोंद अशी करा : उगम मीडियल एपिकॉन्डाइलपासून किती मिमी, लांबी आणि रुंदी व्हर्नियरने, नर्व्हची फांदी कुठून आली, धमनी पुढे की मागे, धमनी कुठे दुभंगली. दुसरी बाजू उघडून तीच मापं घ्या. ती बाजू सामान्य निघाली तरी लिहा. फोटोत पट्टी आणि बाजूची खूण हवी, चेहरा नको. देहदात्याबाबत विभागप्रमुखांची परवानगी फोटोआधी घ्या. नुसतं एक तिसरं हेड म्हणून केस रिपोर्ट पाठवला तर बहुधा परत येईल. सोबत धमनी वर दुभंगलेली किंवा मीडियन-मस्क्युलोक्युटेनियस जोड असेल, तरच लिहायला घ्या.