झुलता पूल पहिल्यांदाच डिझाइन करताय? आधी झोळ ठरवा

सॉफ्टवेअर नंतर उघडा. आधी कागदावर केबलचा झोळ, म्हणजे ती मधोमध किती खाली लोंबते ते, ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. 60 मीटरचा गाळा (दोन टोकांच्या आधारांमधलं अंतर), 1.2 मीटर रुंद वाट, गर्दीचा भार चौरस मीटरला 500 किलो, म्हणजे मीटरला 600 किलो. पुलाचं स्वतःचं वजन तूर्त सोडा. भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले आठ पट झोळ: 6 मीटर झोळाला आडवा ताण 45 टन. दिसायला छान म्हणून झोळ 3 मीटर केलात की थेट 90 टन! गाळ्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सुरुवात करा.

नवखे हमखास चुकतात त्या जागा:

- अँकर ब्लॉक (केबलचं टोक धरून ठेवणारा जमिनीतला जड ठोकळा) उचलला जाणार नाही एवढंच तपासतात. तो पुढे घसरूही शकतो.
- केबल क्लिप (दुमडलेलं टोक मूळ दोराला आवळणारी पकड) उलटी लावतात. यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, खोगीर, म्हणजे क्लिपचा खाचेचा भाग, भार घेणाऱ्या दोरावर.
- आडवं डोलणं विसरतात. लंडनचा मिलेनियम पूल 2000 साली उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, तो माणसांच्या चालण्यानेच डोलायला लागला म्हणून. वाऱ्याचे ताणदोर (पुलाला दोन्ही बाजूंनी ओढून धरणारे दोर) आधीपासून नकाशात दाखवा.

आणि केबल जिथे अँकरमध्ये शिरते तिथे पाणी साचू देऊ नका, तपासणीला हात पोहोचला पाहिजे. गुजरातमधल्या मोरबीत 2022 साली झुलता पूल कोसळून 135 माणसं गेली. तिथल्या मुख्य केबलच्या तारा आधीच गंजलेल्या होत्या.

डॅम्पर (डोलणं शमवणारी यंत्रणा), वाऱ्याचं गतिकीय गणित वगैरे सध्या नको. हाताने काढलेला ताण घेऊन या, मग पुढचं बघू.