कुत्र्याचं पिल्लू मांजरीच्या पिल्लाला लोळवतं, मानेला धरतं. खेळू द्यावं की सोडवावं?

तुमचा लॅब्राडॉर 4 महिन्यांचा आणि मांजर अडीच महिन्यांची. वयात फार फरक नाही, पण वजनात आहे. तो आताच 12-14 किलोचा असेल, ती जेमतेम एक किलोची. त्यामुळे लगाम घालायचा तो त्याला, तिला नाही.

आमच्याकडे भैरू आणि चिंगी अशीच एकत्र वाढली. सुरुवातीला आवाज झाला की मी ओरडत धावायचे. त्याने भैरू आणखीच चेकाळायचा. मग आमच्या डॉक्टरांनी एक खूण सांगितली, ती तुम्ही आजच करून बघा. मस्ती रंगात आली की कुत्र्याला पट्ट्याने धरून बाजूला घ्या आणि मांजर काय करते ते बघा. चिंगी आधी कपाटाखाली गेली. आम्ही भैरूला धरून गप्प बसलो. थोड्या वेळाने मिशा दिसल्या, मग एक पंजा, आणि मग ती तडक येऊन त्याच्या शेपटीवर फटका मारून गेली. तिलाच खेळायचं होतं! ती आतच बसून राहिली असती, तर तेवढ्यावर खेळ थांबवायचा.

त्याने पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि ढुंगण वर केलं, तर ते खेळायचं आमंत्रण असतं. मांजरीचे कान मागे चपटे झाले, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली, ती फिस्कारायला लागली, की लगेच सोडवा. शेपूट हलते म्हणजे बहुतेकदा खूश, हे कुत्र्याचं. मांजर शेपूट सपासप आपटते ती चिडून. आणि मान धरून तो झटके द्यायला लागला, तर क्षणभरही थांबू नका. तो खेळ नव्हे.

सोडवताना मारू नका, ओढाताण करू नका. घरातही त्याच्या पट्ट्याला हलकी दोरी राहू द्या (तुम्ही समोर असतानाच, नाहीतर ती कुठेतरी अडकते). हाक मारा, आला की खाऊ द्या, दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत ठेवा. या वयात त्याचे दात बदलतात, हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावायला रबराचं खेळणं हवंच. आमचा सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सातचा असायचा. मला वाटायचं, अंगात फार जोर आहे. खरं तर तो झोपेला आलेला असायचा. साडेसहालाच झोपवायला लागल्यावर निम्मी भांडणं मिटली.

मांजरीला चढून बसायला उंच जागा द्या. तिचं खाणं आणि शी-शूचा ट्रे त्याला पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सगळे मांजरीची काळजी करतात, पण आमच्याकडे दुखापत झाली ती भैरूला. चिंगीचं नख त्याच्या डोळ्याला लागलं. तो डोळा मिटून घेत होता, पाणी येत होतं. घरातले जुने ड्रॉप्स घालायला मी निघालेच होते, पण आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो. त्यात स्टिरॉइड होतं, आणि बुबुळावर ओरखडा असताना स्टिरॉइडने जखम चिघळते. तेव्हा डोळा मिटलेला दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजरीची नखं दर दोन आठवड्यांनी नुसती टोकं कापून बोथट करा.

आणि बाहेर जाताना दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठेवा. भैरू वर्षाचा होईपर्यंत आम्ही एकदाही त्यांना एकटं सोडलं नाही.