कॅफेत एकट्याने वाजवतो, कधी सोबत बासरी असते. कोणता लूप पेडल घेऊ?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधल्या कॅफेंत गिटार वाजवून गाता, अधूनमधून मित्र बासरीला असतो. टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो, बॉसचा आरसी-१ आणि आरसी-५ या तिघांत अडकला आहात. (लूप पेडल म्हणजे पायाने चालवायचं यंत्र: वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करतं आणि तोच, म्हणजे लूप, पुन:पुन्हा फिरवत राहतं.) आणि किती वेळ रेकॉर्ड होतं त्या ५ मिनिटं, १२ मिनिटं, १३ तास या आकड्यांनी डोकं फिरलंय.

ते आकडे आधी सोडून द्या. केहरव्याच्या आठ मात्रा, मिनिटाला १२० ची लय, म्हणजे एक आवर्तन ४ सेकंदांचं. चार आवर्तनांचा लूप घेतलात तरी १६ सेकंद झाले. डिट्टोची ५ मिनिटंसुद्धा कॅफेत संपायची नाहीत. १३ तास घेऊन काय करणार, कोजागरी जागवणार का?

खरा फरक दोन ठिकाणी आहे: लूप थांबवायचा कसा, आणि आवाज आत येणार कुठून.

थांबवण्याचं आधी सांगतो, कारण माझी फजिती तिथेच झाली. डिट्टो आणि आरसी-१ दोन्ही एका बटणाचे. एकदा दाबलं की रेकॉर्ड, पुन्हा दाबलं की रेकॉर्डिंग संपून लूप फिरायला लागतो, आणखी दाबलं की त्यावर नवा थर. थांबवायला मात्र पटकन दोनदा दाबायचं, आणि त्यातली दुसरी टाप समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडली पाहिजे. घरी बसून हे सहज जमतं. गंगापूर रोडच्या एका कॅफेत गाणं संपवताना माझ्या दोन टापांत जरा जास्तच अंतर पडलं. पेडलला वाटलं, हा नवा थर घालतोय. मी गिटारवरून हात काढला, मान झुकवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी लूपमधली गिटार मागे निवांत चालूच. शेवटी वायर उपटली.

म्हणून एकट्याने गाणाऱ्याला माझा सल्ला: थांबवण्याचं बटण वेगळं हवंच. डिट्टो एक्स-२ मध्ये ते असतं. आरसी-१ ला बाहेरून फूटस्विच, म्हणजे पायाने दाबायचं वेगळं बटण, जोडता येतो, आरसी-५ लाही. फूटस्विचचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा, नंतर घेऊ म्हणालात की घेतला जात नाही.

आता आवाज कुठून. तुमच्या यादीतल्या तिन्ही पेडल्सना गिटारची जॅक लागते. बासरीचा किंवा गाण्याचा माइक त्यात सरळ खुपसला तर आवाज मरतुकडा येतो, कारण माइकचा सिग्नल फार बारीक असतो, त्याला आधी प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारं यंत्र, लागतो. मित्राची बासरी खरोखर लूप करायची असेल तर बॉसचा आरसी-५०० बघा. त्यात एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या वायरचं) इनपुट आहे, काही माइकना लागणारी वीज त्याच वायरमधून देणारी फँटम पॉवर आहे आणि दोन ट्रॅक वेगवेगळे चालतात: एकावर गिटार, दुसऱ्यावर बासरी, हवं ते बंद करा. आरसी-६०० त्याहून मोठा, सहा ट्रॅक आणि नऊ फूटस्विच, पण कॅफेच्या कोपऱ्यातल्या दीड बाय दीडच्या जागेत तो ठेवून तुम्ही उभे कुठे राहणार? आरसी-५०५ टेबलावर ठेवून हाताने चालवायचा, तो बीटबॉक्सवाल्यांसाठी उत्तम. गिटारिस्टचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे तो आपला नाही.

माइकने लूप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा: माइक फक्त बासरी ऐकत नाही. आम्ही एकदा असा लूप घेतला आणि नेमकं त्याच वेळी काउंटरवर मिक्सर फिरला. मग पूर्ण गाणंभर दर सोळा सेकंदांनी मिल्कशेक. सप्टेंबरच्या आसपास कार्यक्रम असेल तर बाहेरून नाशिक ढोलही येऊन बसेल तुमच्या लूपमध्ये, आणि तो तुमच्या लयीत नसेल.

आरसी-५ चं म्हणाल तर त्यात छोटा स्क्रीन आहे, ९९ लूप साठवता येतात आणि ५७ रिदम, म्हणजे तयार ठेके, आहेत. ठरलेली पाच-सहा गाणी पुन:पुन्हा वाजवणाऱ्याला साठवण कामाची आहे. रिदमचा मला तरी कंटाळा आला. दोन महिने वाजवले, मग पुन्हा गिटारच्या बॉडीवर थापा मारून ठेका रेकॉर्ड करायला लागलो, तो जास्त जिवंत लागतो. शिवाय रिदम न लावलेल्या मोकळ्या लूपला ताल शिकवावा लागत नाही. तुम्ही सात मात्रांनी समेवर दाबलंत की रूपक झाला, दहांनी दाबलंत की झपताल. तबलावाल्यासाठी पेटीवर लेहरा, म्हणजे तीच ती सुरावट पुन:पुन्हा, धरतात तसंच हे आहे, फक्त लेहरेवाला कधी दमत नाही आणि कधी ऐकतही नाही. आपल्याकडे गाणं रंगलं की लय चढते. लूप चढत नाही. सोबत तबला असेल तर त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, लूप मोठा द्या, नाहीतर तिसऱ्या अंतऱ्याला तो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

पेडल्सच्या रांगेत लूपर शेवटी ठेवा. आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन पेडल त्याच्यानंतर आलं की सगळे थर एकाच चुलीवर शिजून खिचडी होते. पॉवरला ९ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर द्या, एकाच वायरवर चार पेडल लावले की डिजिटल लूपर बारीक शिट्टी मारू लागतो. डिट्टोमध्ये बॅटरी बसतच नाही. आरसी-१ मध्ये बसते, पण तिच्या भरवशावर कार्यक्रम घेऊ नका.

तर तुमच्यासाठी: बासरी क्वचितच असेल तर आरसी-१ आणि वेगळा फूटस्विच. तो स्टीरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) आहे, डिट्टो मोनो (एकच आवाज), आणि त्याच्यावरची दिव्यांची गोल चकती लूप कुठवर आला ते दाखवते. अंधाऱ्या कॅफेत खाली नुसती नजर टाकली तरी सम कळते. बासरी दर शनिवारी असणार असेल तर थोडं थांबून पैसे साठवा आणि आरसी-५०० च घ्या.

घेण्याआधी कुणाचा तरी पेडल मागून अर्धा तास वाजवून बघा, आणि कार्यक्रमाला जे बूट घालता तेच घालून. मी अनवाणी सराव केला होता. वर सांगितलेल्या त्या संध्याकाळी पायात जाड तळाचे बूट होते.