ओट्स राहू दे, आधी वरणाची वाटी बाजूला काढ

पत्र : ताई, मी २४ वर्षांची. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात राहते. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल हवंय. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं, अंडाशयात गाठी आहेत म्हणे. वजन ७० किलो. व्हिडिओ पाहून पोळी-भात सोडला, रात्री नुसते ओट्स खाते. दुपारी भूक आवरत नाही, मग सगळ्यांचं जेवण झालं की उरेल ते खाते. सासूबाई म्हणतात, शेतात राबणाऱ्या बाईला हे चोचले कशाला?

उत्तर : अगं, आधी त्या गाठींची धास्ती सोड. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या आहेत, कॅन्सरच्या गाठी नव्हेत. पीसीओएस हा हार्मोनचा त्रास. त्यात बहुतेक बायकांच्या शरीरावर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचा असर नीट होत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीज बाहेर पडायचं अडतं. खाण्याचा पाळीशी संबंध येतो तो असा.

ओट्सबद्दल सासूबाईंचं मला पटतं. पीसीओएससाठी अमुकच आहार सर्वांत चांगला, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. घरात ज्वारी, तूर, हरभरा, जवस असताना विकतचा डबा कशाला?

मला खरं खटकलं ते तुझं ‘उरेल ते’. सून शेवटी जेवायला बसते तोवर गंजातली डाळ संपलेली असते, भाजीची कढई पुसलेली असते. तिच्या ताटात येतो भात आणि वरणाचं पाणी. सकाळपासून उपाशी राहून असा भाताचा ढीग खाल्ला की साखर झपकन चढते, पोटही भरल्यासारखं वाटत नाही. सगळ्यांसोबत बस. ते जमत नसेल तर पानं वाढायच्या आधीच घट्ट वरणाची वाटी आणि भाजी स्वतःसाठी काढून झाकून ठेव. यात चोरी कसली? सासूबाईंची वाटीही काढ, त्यांचंही आयुष्य असंच उरलंसुरलं खाण्यात गेलं असेल.

दोन्ही वेळा जेव. एक-दीड भाकर, बेसन (पिठलं) नाहीतर बरबटीची (चवळीची) उसळ, अंबाडी-मेथी काहीतरी पालेभाजी, वर चमचाभर जवसाची चटणी. हिवाळ्यात सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आहेच. भात वाटीभर चालेल. भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या पंगतीलाही जा. तू लिहिलं नाहीस, पण वावरात चार-पाच वेळा गोड चहा होत असेल तर तो दोनवर आण आणि साखर निम्मी कर.

तुझ्या वजनातले साडेतीन ते सात किलो उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. कापूस वेचणीत अंग मोडतंच, पण उन्हाळ्यात काम नसतं. तेव्हा आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाल.

खाण्याने त्रास आटोक्यात येतो, मुळासकट जात नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू असतील तर मनाने बंद करू नकोस. पाळी तीन महिने आली नाही तर थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. थायरॉइड आणि साखर तपासली नसेल तर तपासून घे. पीसीओएस असलेल्या कितीतरी बायकांना मुलं होतात, काहींना औषधाची मदत लागते एवढंच. पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत ने आणि त्याचीही वीर्यतपासणी करून घ्या.