पावणेदोन लाखांच्या गाडीत साडेअठरा हजारांचे शॉकअप घालावेत का?

नाशिकच्या जेलरोडला राहणाऱ्या एका ताईंनी मोठं पत्र पाठवलंय, त्याचा मथितार्थ असा. त्यांची २०१३ सालची पेट्रोल स्विफ्ट १,१२,००० किलोमीटर चालली आहे. नोकरी सिन्नरच्या मुसळगाव एमआयडीसीत, जाऊन-येऊन रोज ५८ किलोमीटर. सेकंड शिफ्ट असली की सुटायला रात्रीचे अकरा वाजतात आणि त्या वेळी कंपनीची बस नसते. पुढच्या डाव्या चाकाच्या शॉकअपमधून तेल गळतंय, स्पीडब्रेकरवरून उतरली की गाडी होडीसारखी डुलते. सर्व्हिस सेंटरने सगळ्या सस्पेन्शनचं एस्टिमेट २७,६०० रुपये दिलं, ओळखीच्या गॅरेजवाल्याने १८,५००, तर द्वारकेजवळच्या एकाने "जुनेच रिपेअर करून देतो" म्हणत ६,५०० सांगितले. गाडीला एक्स्चेंजमध्ये पावणेदोन लाख मिळतायत. भाऊ म्हणतो, म्हाताऱ्या गाडीत पैसे घालू नकोस, सहा लाखांचं कर्ज काढून नवी घे. हातात पगार ४६,००० येतो, घराचा हप्ता १७,५०० आहे, यजमानांच्या दुकानाचं उत्पन्न कमी-जास्त होतं. अडीअडचणीसाठी बँकेत ९०,००० आहेत, दरमहा ६,००० ची एसआयपी चालू आहे आणि मुलीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी दोन लाखांची एफडी ठेवलेली आहे. ताई विचारतात, काय करू? केलंच तर एफडी मोडू, की कार्डावर हप्ते करून घेऊ?

ताई, उत्तर आधी देतो, कारण तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाताय. शॉकअप बदला, चारही बदला, गॅरेजवाल्याकडून बदला आणि ह्याच महिन्यात बदला. एफडीला हात लावू नका, कार्डही काढू नका. नवी गाडी दोन वर्षांनी घ्या.

आता भावाचं म्हणणं. तो खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करतो, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वस्तूत साडेअठरा हजार, दहा टक्क्यांहून जास्त. गाडी विकायची असती तर मीही हेच म्हणालो असतो. नवे शॉकअप घातल्याने एक्स्चेंजवाला तुम्हाला हजार रुपयेही वाढवून देणार नाही. पण तुम्हाला गाडी विकायची नाही, कामावर जायचंय. मग तुलना व्हायला हवी ती पुढच्या दोन वर्षांच्या येण्याजाण्याशी. महिन्याला २५ दिवस धरले तर दोन वर्षांत ६०० फेऱ्या, ३४,८०० किलोमीटर. साडेअठरा हजार त्यावर पसरा. दिवसाला ३१ रुपये पडतात, किलोमीटरला ५३ पैसे. रात्री अकरा वाजता सिन्नरहून एकटीने परत यायला एवढ्या पैशांत दुसरं काय मिळतं?

आता नवी गाडी. सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं धरा. हप्ता १२,४५५ रुपये बसतो. घराचा हप्ता मिळवला की ४६ हजारांतले जवळजवळ ३० हजार पहिल्या आठवड्यातच गेले. उरलेल्या सोळा हजारांत किराणा, क्लासची फी, पेट्रोल, एसआयपी. दुकानाचा एखादा महिना मंदा गेला की सगळ्यात आधी एसआयपी बंद पडते, मग त्या ९० हजारांना ओहोटी लागते. हे मी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत बघितलंय. पाच वर्षांत व्याज जातं १,४७,००० च्या वर. ज्या खर्चाला तुम्ही घाबरताय त्याच्या जवळजवळ आठपट. शिवाय नव्या गाडीचा विमा जुन्यापेक्षा बराच महाग, आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच तिची किंमत सगळ्यात जास्त उतरते.

लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या, हे भावाचं म्हणणं खरं आहे. पण सुट्या भागांवरचा जीएसटीही त्याच दिवसापासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुमच्या एस्टिमेटमध्ये शॉकअपसमोर २८ टक्के लागलेले दिसले तर तिथेच बोट ठेवून विचारा.

"दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबू का?" हा तुमचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो ब्रेकचा आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ती स्प्रिंग खाली-वर नाचत राहू नये म्हणून शॉकअप असतो. त्याच्या आत पिस्टन तेलातून फिरतो, तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. सील गेलं, तेल गळलं की स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही. खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर टेकायच्या ऐवजी उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नाही. गाडी थांबायला जास्त अंतर घेते. तुमच्या मॉडेलला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही असं तुम्हीच लिहिलंय. सिन्नर रस्त्यावर पुढे मालाचा ट्रक, पाऊस पडतोय, डांबर उखडलेलं, त्यात शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदकाम. बोनस वाचवायला ही जोखीम घेऊ नका.

थांबण्याचा दुसरा खर्च टायरवर दिसतो. मी स्वतः तो भरलाय. काही वर्षांपूर्वी माझी गाडी ऐंशीच्या पुढे घोंघावायची. टायरवाल्याने टायर संपलेत म्हणून दोन नवे घातले, मीही घातले. वर्षाच्या आत तोच आवाज परत. मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकने माझा हात धरून टायरवरून फिरवला. वरून गुळगुळीत दिसणारं रबर हाताला लाटांसारखं लागत होतं, मध्येच खोलगट, मध्येच उंच. "शॉकअप बसलेत साहेब, गाडी टायर खातेय," एवढंच तो म्हणाला. टायरचे नऊ हजार त्या दिवशी मी मनातल्या मनात दुसऱ्यांदा मोजले. तुम्ही आजच, गाडी थंड असताना, पुढच्या दोन्ही टायरवरून तळवा फिरवून बघा. लाटा लागल्या तर शॉकअप आधी आणि टायर मग, हा क्रम उलटा करू नका.

आता तीन आकड्यांकडे येऊ. साडेसहा हजारांचं काम म्हणजे जुन्या नळकांड्याला भोक पाडून नवं तेल आणि गॅस भरायचा, वेल्डिंग करायचं, रंग मारायचा. आतला झिजलेला पिस्टन आणि व्हॉल्व्ह तसेच राहतात. पहिले काही दिवस गाडी कडक लागते, माणूस खूश होतो. काही महिन्यांत ते पुन्हा बसले की खोलायची मजुरी दुसऱ्यांदा, चाकं सरळ लावायची अलाइनमेंट दुसऱ्यांदा. रोज ५८ किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे करू नका.

सर्व्हिस सेंटरचे २७,६०० आणि गॅरेजचे १८,५०० यांत जो फरक आहे, तो तुम्ही पाठवलेल्या दोन्ही कागदांत नीट दिसतो. सर्व्हिस सेंटरने चाकाला सांगाड्याशी जोडणारे दोन्ही लोअर आर्म आख्खे धरलेत, गॅरेजवाल्याने फक्त त्यांतले रबरी बुश आणि लिंक रॉड. गाडी रॅम्पवर चढवून बुश दाखवायला सांगा. रबर चिरलेलं असेल आणि आर्म सरळ असेल, तर नुसतं बुश प्रेस करून भागतं. बाकीचा फरक मजुरीचा आणि भागांच्या किमतीचा. गॅरेजवाल्याकडून मात्र एक गोष्ट लिहून घ्या: शॉकअप नावाजलेल्या कंपनीचे, सीलबंद डब्यात, पक्क्या बिलासह. शॉकअप बनवणाऱ्या गेब्रिएलचा एक कारखाना आपल्या नाशकातच आहे, इथल्या दुकानांत चांगला माल मिळायला अडचण नाही. बिल हातात असेल तरच वॉरंटीला अर्थ.

"गळणारा डावा एकटाच बदलला तर?" हेही तुम्ही विचारलंय. नाही. एक बाजू नवी आणि एक बसलेली असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हेने वागते. पुढची जोडी एकत्र, मागची जोडी एकत्र. पैसे कमीच करायचे असतील तर पुढचं आणि मागचं वेगळं करा, डावं-उजवं नाही. गॅरेजच्या साडेअठरातले ११,२०० पुढच्या जोडीचे आहेत, माउंट, मजुरी आणि अलाइनमेंट धरून. ३,००० बुश आणि लिंक रॉडचे, ४,३०० मागच्या जोडीचे. मागचे शॉकअप वेगळे निघतात, ते नंतर केले म्हणून मजुरी वाया जात नाही. तरीही आत्ताच करा म्हणतो, कारण ते गाडीबरोबर आलेले आहेत, आणि दर महिन्याला तुम्ही सगळं घर बसवून, डिकी भरून चांदवडला जाता. पुढच्या स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंगसकट बसणाऱ्या शॉकअपचे, माउंट, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर जुनेच ठेवून हजार-बाराशे वाचवू नका. तेवढ्यासाठी सगळं परत खोलावं लागतं.

गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी एक काम आहे. त्याला इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि खालचा पत्रा बघायला सांगा, त्याचे पाचशे-सातशे वेगळे द्या. इंजिन तेल जाळत असेल, क्लच संपत आला असेल किंवा जिथे जॅक लावतात तिथला पत्रा गंजून हाताने दबत असेल, तर माझं उत्तर बदलेल. येत्या दोन वर्षांत ह्या गाडीवर शॉकअप धरून ४५,००० च्या वर दुरुस्ती दिसत असेल, तर मी तुम्हाला चांगली सेकंडहँड गाडी बघायला सांगेन, सहा लाखांचं कर्ज तरीही नाही. दोन वर्षंच का, तर तुमची नोंदणी २०२८ ला संपते. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी आता ५,००० रुपये आहे, फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. तोच गाडी सोडायचा मुक्काम धरा.

पैसे कुठून? त्या ९० हजारांतून. अडीअडचणीचा पैसा ह्यासाठीच असतो, नोकरीवर नेणारी गाडी बिघडणं ही अडचणच आहे. विम्यातून काही मिळणार नाही, झीज विम्यात बसत नाही. एफडीला मुलीचं नाव लागलेलं आहे, मुदतीआधी मोडली तर व्याज कापून देतात, आणि एकदा मोडलेली एफडी ॲडमिशनच्या आत परत उभी राहिल्याचं मी क्वचितच पाहिलंय. कार्डाचं पूर्ण बिल भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. बँकेत पैसे पडून असताना हे कशाला?

एसआयपी चालूच राहू द्या. आणि नव्या गाडीसाठी साडेबारा हजारांच्या हप्त्याची तयारी तुम्ही मनाने केलीच होती ना, तर तेवढेच पैसे पुढच्या महिन्यापासून बाजूला काढा. ८,००० ची दोन वर्षांची आरडी, साडेचार हजार अडचणीच्या खात्यात परत. ते खाते चार-पाच महिन्यांत पूर्ववत होईल. आरडी साडेसहा टक्क्यांनी धरली तरी दोन लाखांच्या वर जाते. मग २०२८ ला सहाच्या जागी चार लाखांचं कर्ज पुरतं आणि हप्ता १२,४५५ ऐवजी ८,३०० च्या आसपास येतो. हे साडेबारा हजार बाजूला काढताना एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर मला कळवा. नवा हप्ता झेपला असता की नाही तेही आपल्याला त्यातूनच कळेल, आणि आरडीचा आकडा आपण खाली आणू.

काम शनिवारी सकाळी टाका, म्हणजे रविवारी उजेडात गाडी बघता येईल. जुने शॉकअप डिकीत ठेवायला सांगा. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची प्रिंट मागून घ्या. मग सोमवारी नेहमीच्याच स्पीडब्रेकरवरून, नेहमीच्याच वेगाने जा. गाडी एकदा दबून वर येऊन तिथेच थांबायला हवी. दुसरा हेलकावा आला तर कंपनीत न जाता आधी गॅरेजला वळवा.