फायकस घरी आणलंय? आधी त्याला एका जागी राहू द्या

पानं गळताहेत म्हणून घाबरू नका. जागा बदलली की फायकस बेंजामिना पानं टाकतंच. नर्सरीच्या उजेडातून फ्लॅटच्या कोपऱ्यात आलं, एवढं कारण पुरतं. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा आणि महिना-दीड महिना हलवू नका. घाबरून दर आठवड्याला जागा बदलली, तर गळती थांबणारच नाही.

पण झाड मरतं ते बहुतेक वेळा पाण्याने. वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. पावसाळ्यात माती बरेच दिवस ओली राहते. माती ओली असून पानं पिवळी पडत असतील, तर मुळं कुजायला लागली असावीत. तेव्हा खत तर अजिबात नको.

बाकी थोडक्यात:

- एसीचा झोत थेट झाडावर नको.
- आणल्या आणल्या कुंडी बदलू नका. मुळं तळाच्या भोकातून बाहेर डोकावली, की दोन इंच मोठी कुंडी पुरे.
- फांदी तुटली की पांढरा चीक येतो, त्याने खाज सुटते. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर.

छाटणी, बोन्साय वगैरे नवी पालवी फुटल्यावर बघू.